मोठ्या दाजींची बिनमाईकची बैठक

गाणं ऐकताना आमच्या मोठ्या दाजींइतका जीव मुठीत धरून बसणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक गाणं ऐकतात ते घटकाभर शीण जावा म्हणून. मोठे दाजी ऐकतात ते आता काय होतंय आणि काय नाही, या धास्तीनं. समोरचा गाणारा मजेत असतो, तबलजी पान चघळत असतो, बायका लेकरांना थोपटत असतात. आणि दाजी मात्र भिंतीला न टेकता, मांडी अर्धवट घालून, उपरण्याचं टोक दोन्ही हातांनी पिळत बसलेले असतात, दवाखान्यात आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू असावं तसे. गाणाऱ्यानं वरचा सूर धरला की यांचा श्वास अडकतो. तो सूर सुखरूप खाली उतरला की हे इतक्या जोरानं श्वास सोडतात, की पुढच्या ओळीत बसलेला माणूस मागं वळून बघतो. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. गाणारीनं एक लांबलचक तान घेतली, ती संपेपर्यंत दाजींनी माझा गुडघा असा आवळून धरला की पुढचे काही दिवस मला दुकानात पाय लांब करून बसावं लागलं. (माझं बीडला चष्म्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक विचारायचं, "पडलात का?" मी म्हणायचो, "नाही, गाणं ऐकलं.")

दाजी म्हणजे माझ्या ताईचे थोरले दीर. राहणार नेकनूर. सगळी हयात एसटी चालवण्यात गेली, आणि ती हयात त्यांच्या उजव्या पायात अजून शिल्लक आहे. गाण्यात अवघड जागा आली की हा पाय आपोआप सतरंजीवर दाबला जातो. तान जितकी वेगात, तितका पाय खोल. मी एकदा न राहवून विचारलं, "दाजी, पाय का दाबता?" ते ओशाळले. म्हणाले, "पावणं, आवाज उताराला लागला की माझा जीव ऱ्हात न्हाई. आवरला न्हाई तर कुटं जाऊन आदळंल, सांगता येतं का?" हे ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्या लेखी गाणारा माणूस म्हणजे भरली गाडी घेऊन घाट उतरणारा ड्रायव्हर, आणि आपण सगळे आत बसलेले प्रवासी. मग पान कसलं चघळता आणि लेकरं कसली थोपटता?

नोकरीत असताना ते कलावंत हेरत फिरायचे. म्हणजे गाडी चालवता चालवता. एकदा रानात मेंढरं राखणारा कुणी एक जण मोठ्यानं गात होता, तर दाजींनी भर रस्त्यात गाडी बंद केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत बसले. प्रवाशांना वाटलं गाडी बिघडली. काही जण उतरून धक्का मारायला मागं गेले. कंडक्टर घंटीवर घंटी मारतोय, आणि दाजी बोटानं सगळ्यांना गप्प करतायत. त्या मेंढक्याचं गाणं संपल्यावर त्यांनी इंजिन सुरू केलं, तेव्हा धक्का मारणाऱ्यांना वाटलं, आपल्यामुळंच सुरू झाली.

नोकरी सुटल्यावर त्यांनी हेरलेली ही सगळी माणसं एका जागी आणायचं मनावर घेतलं. जागा म्हणजे मांजरसुंब्याच्या चौकातल्या एका धाब्यामागचं पत्र्याचं शेड. धाबेवाले अण्णा हे दाजींचे जुने दोस्त. एसटीच्या थांब्यापासूनची ओळख. रविवारी दुपारची जेवणं उरकलेली असतात आणि रात्रीची भाजी अजून चुलीवर चढलेली नसते. तेवढ्या मोकळ्या वेळात शेडमधल्या बाजा बाहेर काढायच्या, आत झाडून घ्यायचं, आणि बैठक. कुणी झाडाचं पान ओठात धरून वाजवायचा. कुणी पुढाऱ्यांच्या आणि कोंबड्यांच्या नकला करायचा. बऱ्याचदा त्यातलं कोण बोलतंय ते कळायचं नाही. नेकनूरच्याच एक मावशी बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि मनगटांनी अशी लावणी उभी करायच्या की अण्णांचा आचारी पोळपाट हातात घेऊन दारात उभा राहायचा. मध्येच एखादा ट्रकवाला उठायचा आणि त्याच्या मुलखातलं गाणं म्हणायचा. कळायचं कुणालाच नाही, ऐकायचे सगळे. आणि हे सारं बिनमाईकचं. माईक नाही, पेटारा नाही, वायर नाही. "मानसाचा आवाज मानसाच्या कानात जाऊ द्या की," दाजी म्हणायचे, "मधी दलाल कशाला?"

पण माईक नाही म्हटल्यावर बाकीच्या जगाचं काय करायचं? चौक हमरस्त्यावरचा. दाजींनी एकट्यानं त्या चौकाशी युद्ध पुकारलं. बैठकीच्या आधी सगळ्यांचे मोबाईल एका डालड्याच्या डब्यात जमा व्हायचे. कुकर लावायला सक्त मनाई. एकदा आचाऱ्यानं चुकून डाळ चढवली, तर शिट्टी होण्याच्या आत दाजींनी कुकर तसाच्या तसा उचलून मागच्या रानात नेऊन ठेवला, आणि तिथं त्यानं शिट्टी मारल्यावर चरणाऱ्या म्हशी उधळल्या. हॉर्नचा बंदोबस्त तर ते जातीनं करायचे. रस्त्याच्या कडेला उभं राहून, येणाऱ्या प्रत्येक ट्रककडं ओठांवर बोट ठेवून, डोळ्यांत जीव आणून बघायचे. एका सरदारजींनी ट्रक बाजूला घेतला, इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि दाजींचे दोन्ही हात धरून हळू आवाजात विचारलं, "कौन गुज़र गया, बाबूजी?" दाजी म्हणाले, "अभी कोई नहीं. अभी तक अच्छा गा रहा है."

उद्घाटनाला कुणीतरी एका माजी सभापतींना बोलावलं होतं. त्यांना माईकशिवाय उभं राहायची सवयच नव्हती. हात सारखा तोंडासमोर जाऊन रिकामी मूठ धरायचा. "माईक कुटं हाय?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "बोला की सायेब, आमी ऐकतोय न्हवं." सभापतींनी तोंड उघडलं तर आतून अगदी बारीक, शाळकरी पोरासारखा आवाज निघाला. त्याचं त्यांनाच इतकं नवल वाटलं की ते दोन वाक्यांत खाली बसले. लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत.

आता एवढं गाण्याचं वेड असणारा माणूस स्वतः थोडंफार तरी गात असेल, असं कुणालाही वाटेल. दाजी गात नाहीत. आरतीला उभे राहिले तरी नुसते ओठ हलवतात. याला कारण आमच्या ताईचं लग्न. त्या दिवशी हौसेनं त्यांनी एक मंगलाष्टक म्हणायला घेतलं. पहिल्याच ओळीला अंतरपाटामागं नवरी मुलगी, म्हणजे आमची ताई, खुदकन हसली. दुसऱ्या ओळीला नवरदेव. तिसरीला अंतरपाट धरणाऱ्यांचे हात इतके हलायला लागले की गुरुजींनी घाईनं "सावधान" म्हणून टाकलं. त्यांच्या आवाजाला वाईट म्हणणं बरोबर नाही. तो आवाज सुराच्या जवळ जातो, त्याला हात लावतो आणि घाबरून भलतीकडंच पळतो. त्या दिवसापासून दाजींनी तोंड मिटलं ते मिटलंच.

या बैठकीचा खरा दागिना दाजींनी फार वर्षांपूर्वी, ते आष्टीला मुक्कामी गाडी न्यायचे तेव्हा शोधला होता. इस्माईलभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ याकूब. कापूस पिंजून गाद्या भरायचा दोघांचा धंदा. दोघं मिळून सवाल-जवाबाची गाणी म्हणायचे, कुठून कुठून जमवलेली, काही त्यांच्या बापानं रचलेली. इस्माईलभाई सवाल टाकायचे आणि याकूब जवाब द्यायचा. पण तो असा द्यायचा, की सवालाचा शेवटचा सूर अजून हवेत आहे तोवर याचा जवाब त्याच्या खालून हळूच वर यायचा, आणि कुठं एकाचा आवाज संपला नि दुसऱ्याचा सुरू झाला ते कळायचं नाही. मांजरसुंब्याच्या शेडमध्ये ते दोघं गायला बसले की दाजींचा उजवा पाय काही हलायचा नाही. मी बारकाईनं बघितलंय. त्या दोघांचं गाणं चालू असतानाच तेवढा हा माणूस भिंतीला टेकून बसायचा.

गेल्या उन्हाळ्यात याकूब गेला. दुकानात काम करता करता छातीत दुखायला लागलं, एवढंच निमित्त.

इस्माईलभाईंनी गाणं सोडलं. सोडलं म्हणजे गुणगुणणंसुद्धा बंद. दाजी भेटायला गेले. दुकानात तासभर बसले. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा म्हणाले, "एक गादी भरून द्या." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. "या, गा" असं म्हणायची त्यांची हिंमत होईना, आणि गेल्यावर नुसतं बसून उठायचं तरी कसं? मग गादी. नेकनूरच्या घरात गाद्यांची थप्पी लागली. ताईचा मला फोन आला, "अरे, तू तरी सांग तुझ्या मोठ्या दाजींना. सोफ्यावर गादी, पेटीवर गादी, धान्याच्या कोठीवर गादी. जाऊबाई म्हणतात, आता पुढची गादी आली की मी माहेरी जाते." मी सांगणार कुणाला? शेवटी इस्माईलभाईंनीच एके दिवशी कापसातून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "दाजी, बस करो अब. घरात मानसं किती, गाद्या किती? कशासाठी येताय ते काय मला समजत न्हाई? येतो मी. या आयतवारी येतो." पुन्हा कापसात हात घालत पुढं म्हणाले, "पन एक सांगतो. अडलो तर कुनाला हसू देऊ नका. लोक हसले तर मी पुन्यांदा तोंड उघडायचा न्हाई."

त्या रविवारी मी सकाळीच मांजरसुंब्याला पोचलो, कारण आदल्या दिवशीपासून दाजींचे फोन चालू होते. बघतो तर त्यांचा चेहरा पांढराफटक. बैठकीच्या दिवशी त्यांना तसंही अन्न जात नाही. त्या दिवशी चहासुद्धा गेला नाही. शेड झाडून झालं होतं, तरी ते पुन्हा झाडत होते. मला त्यांनी धाब्याच्या मागच्या दारावर नेमलं. "आतून भांडं वाजलं न्हाई पायजे," म्हणाले. "आन् कुनी हसाय लागलं तर त्याला भाईर न्या. तुमी शिकलेले हाव, तुमाला जमंल." शिकलेल्या माणसाला हसणाऱ्याला बाहेर नेता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

आष्टीची गाडी आली, त्यात इस्माईलभाई नव्हते. दुसरी आली, त्यात होते. काळी टोपी, धुतलेला पांढरा सदरा, हातात डफ. ते उतरले आणि सवयीनं वळून मागं हात दिला, कुणाला तरी उतरायला मदत करावी तसा. मागून एक अनोळखी बाई उतरली. ती हात धरू की नको अशी घुटमळली. इस्माईलभाईंनी हात मागं घेतला. दाजींनी हे बघितलं आणि त्यांच्या हातातलं उपरणं पुन्हा पिळवटायला लागलं.

शेड गच्च भरलं होतं. याकूबचं कळलेलं होतं सगळ्यांना; माणसं नेहमीसारखी बडबडत नव्हती. इस्माईलभाई बसले. उजवीकडं एका माणसाची जागा आपोआप मोकळी सोडून बसले. डफ निखाऱ्यावर शेकला, वाजवून बघितला, पुन्हा शेकला. आणि त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात चौकाकडून जमीन हादरायला लागली.

कुण्या पुढाऱ्याचा वाढदिवस होता. उघड्या टेम्पोवर माणसाच्या दुप्पट उंचीचे आवाजाचे खोके रचून मिरवणूक आली होती, आणि नेमकी धाब्यासमोर येऊन थांबली. शेडचे पत्रे थरथरायला लागले. वरून गंज गळून लोकांच्या डोक्यावर पडायला लागला. इस्माईलभाईंनी डफ मांडीवर आडवा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटल्यासारखं दिसलं. आता गावं लागणार नव्हतं. दाजींनीही ते ओळखलं असावं, कारण पुढच्या क्षणी ते शेडमध्ये नव्हते.

मी धावत रस्त्यावर गेलो, तर दाजी टेम्पोपुढं दोन्ही हात पसरून उभे. एसटी येतेय असं समजून कुणी थांबवावी तसे. मिरवणुकीतला एक दांडगा गडी, ज्याला बाकीची पोरं पैलवान म्हणत होती, पुढं आला. हातानं खूण करून त्यानं आवाज कमी करायला लावला, तो फक्त स्वतःचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

"कावून बे म्हाताऱ्या, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?"

"न्हाई," दाजी म्हणाले. "माझ्या बापाची बैलगाडी होती."

पोरं हसली. पैलवान हसला नाही. "बाजूला हो. धक्का लागून मरशील."

"येक गाणं हू द्या," दाजी म्हणाले. "येकच. मग वाजवा. पत्रे उडूस्तोर वाजवा, मी सोता येऊन नाचतो तुमच्यापुडं."

"आन् न्हाई थांबलो तर?"

दाजींनी यावर विचार केलेला नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी धोतर सावरलं आणि तिथंच डांबरी रस्त्यावर, टेम्पोच्या चाकापुढं, मांडी घालून बसले. मागं ट्रकांची रांग लागायला लागली. हॉर्न सुरू झाले. एका पोरानं दाजींच्या दंडाला धरून ओढलं, मी मध्ये पडलो, मला कुणीतरी छातीवर ढकललं. माझा चष्मा उडाला. आता काहीतरी वाईट होणार, असं मला वाटलं. त्या पोरांच्यात पुढं होऊन मारायचं कुणी, एवढंच ठरायचं बाकी होतं. तेवढ्यात पैलवानानं हात वर केला.

"कोन गातंय आत?" त्यानं विचारलं.

"आष्टीचे इस्माईलभाई. भाऊ वारला त्यांचा. तवापासून आज पैल्यांदा गायाला बसल्यात."

पैलवानानं क्षणभर दाजींकडं बघितलं, मग शेडकडं. "एक गाणं," तो म्हणाला. "मी सोता आत येऊन बघनार. टाइमपास वाटला तर तिथनंच पोरांला खूण करनार, मग गाडी चालू. पुन्ना आडवं यायचं न्हाई."

तो आणि त्याची चार-सहा पोरं शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. टेम्पो रस्त्याच्या कडेला लागला, आवाज बंद झाला. दाजी आत आले आणि इस्माईलभाईंकडं बघून नुसती मान हलवली. आता गाणाऱ्या म्हाताऱ्याला पळायला जागा उरली नव्हती.

इस्माईलभाईंनी डोळे मिटले, डफावर बोटं टाकली आणि सवाल टाकला:

"बिनपाण्याची नदी रं गड्या, सांग कुठं वाहती?"

आवाज थोडा घोगरा होता, पण होता. शेवटचा सूर त्यांनी नेहमीसारखा लांबवला, मान नेहमीसारखी उजवीकडं वळवली, जिथून जवाब यायचा त्या रिकाम्या जागेकडं, आणि थांबले. डफावरची बोटंही थांबली.

त्यांनी पुन्हा सवाल म्हटला. पुन्हा मान वळली. ओठ उघडले, पण त्यातून पुढचे शब्द येईनात. पाठ नव्हते असं नाही, ते गाणं त्यांच्या बापाचं होतं. पण जवाब म्हणायचा म्हणजे याकूबच्या जागेवर बसायचं, आणि ते त्यांना जमेना. तिसऱ्यांदा सवाल अर्ध्यातच तुटला. लावणीवाल्या मावशींनी पदर तोंडाला लावला. दाराशी एक पोरगं फिस्सकन हसलं. मग दुसरं. मी शिकलेला माणूस, मला त्यांना बाहेर न्यायचं होतं, पण मी रस्त्यावरून उचलून आणलेला चष्मा पुसत राहिलो. पैलवानानं मागं वळून रस्त्याकडं खूण केली. बाहेर टेम्पोवरचा जनरेटर घुरघुरला. इस्माईलभाई डफ खाली ठेवायला लागले.

आणि दाजींनी तोंड उघडलं.

"माय लेकराला बघती, गड्या, तिथं वाहती!"

शब्द बरोबर होते. बाकी काहीच बरोबर नव्हतं. आवाज पहिल्या शब्दाला वर गेला, दुसऱ्याला घसरला, तिसऱ्याला फाटला, आणि "वाहती" म्हणताना तर असा कोकलला की बाहेर बांधलेल्या अण्णांच्या शेळीनं उत्तर दिलं. शेड हशानं फुटलं. दारातली पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, पैलवानानं तोंड फिरवलं, आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण मीसुद्धा हसलो. एकटे दाजी डोळे घट्ट मिटून, घामानं निथळत, हात जोडल्यासारखे धरून बसले होते.

इस्माईलभाई उठून गुडघ्यावर आले. चेहरा लालबुंद. "काय हे?" ते ओरडले. "याकूबचा जवाब हाय तो! असा असतो का? गाढवानं म्हनावा असा हाय का तो? सूर असा खाली ठिवायचा असतो, असा!" आणि तो कसा ठेवायचा असतो हे दाखवायला त्यांनी रागारागात म्हटलं,

"माय लेकराला बघती, गड्या, तिथं वाहती..."

तो सूर खालून आला, हळूच, सवालाच्या उरलेल्या आवाजाला न दुखवता. हसणं जिथल्या तिथं थांबलं. शेवटच्या अक्षरावर इस्माईलभाईंच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ते तसेच गुडघ्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता मोडणार हा माणूस. त्यांनी हळूच बसकण मारली, डफ उचलला, आणि दाजींकडं न बघता दुसरा सवाल टाकला. या खेपेला जवाब मावशींनी दिला. तिसऱ्याला अण्णांच्या आचाऱ्यानं. पुढं पुढं निम्मं शेडच जवाब द्यायला लागलं. इतकी वर्षं ऐकून पाठच झालेले. जवाब चुकला की इस्माईलभाई मान हलवायचे आणि स्वतः म्हणून दाखवायचे. दाजींनी मात्र उपरण्याचा बोळा करून तोंडात कोंबला होता.

गाणं चांगलं लांबलं. जनरेटर कधी बंद झाला ते मला कळलं नाही. संपल्यावर पैलवानाच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. पोरांना घेऊन निघाला. जाता जाता दाजींच्या पाठीवर त्यानं एक थाप मारली आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, पन तू गाऊ नगं बे." ठरल्याप्रमाणं मिरवणूक सुरू झाली, आणि अण्णांच्या फळीवरचे पेले नाचत नाचत खाली पडले.

संध्याकाळी लोक पांगल्यावर दाजी शेडमागं एका दगडावर बसलेले दिसले. मी पाण्याचा तांब्या दिला. ते म्हणाले, "पावणं, खरं सांगा. लई वाईट झालं का?"

"फार वाईट, दाजी."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. मी म्हटलं, "पण तुम्ही हुशारी केलीत. त्यांना राग यावा म्हणून मुद्दाम वाकडं गायलात, हे मला कळलं."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. "न्हाई हो," ते म्हणाले. "मला वाटलं, जमंल."

दिवाळी झाली, टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. दर वर्षी या दिवसांत बैठक मोडते. ऐकणारे निम्मे कारखान्यांकडं जातात, पान वाजवणारा जातो, नकला करणारा जातो. कोंबड्यांचे आणि पुढाऱ्यांचे आवाज आता कुठल्या फडात निघत असतील कुणास ठाऊक. परवा एका रविवारी काही कामानं मी मांजरसुंब्याला उतरलो. बैठक नाही हे माहीत होतं, तरी अण्णांकडं चहा घ्यावा म्हणून गेलो आणि सहज मागं डोकावलो. शेडच्या सावलीत दाजी आणि इस्माईलभाई शेजारी शेजारी बसले होते. डफ नव्हता, कुणी गात नव्हतं. इस्माईलभाई आष्टीहून एवढ्या लांब एसटीनं आले असणार. समोर एकच शेंगांची पुडी होती. एक जण फोडत होता आणि दोघं खात होते.

"काय चाललंय दाजी?" मी विचारलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "बसलोय."

इस्माईलभाई थोडे सरकले. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो. पलीकडं रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात होत्या, आणि पुडीतली पुढची शेंग मी फोडली.